नव्व्याण्णव आले म्हणून व्हीजेटीआय पक्कं होत नाही

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की दोन दिवसांत आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या नंबरांवरून आला, म्हणजे घणसोली-कोपरखैरणे करून घरी परतला असणार. वर ठळक अक्षरात ‘अनुभवी पालकांचा सल्ला’ आणि खाली पाच मुद्दे. ९९ पर्सेंटाइलच्या वर असाल तर मुंबईच्या व्हीजेटीआयला नाहीतर पुण्याच्या सीओईपीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग पक्कं. अमुक मार्क म्हणजे तमुक पर्सेंटाइल आणि तमुक कॉलेज असा तक्ता. पर्यायांच्या यादीत पहिल्या नंबरवर ‘नक्की येणारं’ कॉलेज टाका, नाहीतर पर्याय वाया जातो. पाच कॉलेजांत निम्मा-निम्मा चान्स असेल तर एक तरी मिळण्याची शक्यता ९७ टक्के. आणि बारावी कुठूनही केली तरी कॅपला, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी जागा वाटणाऱ्या राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला, काही फरक पडत नाही.

मी समुपदेशक वगैरे नाही. हिशेबाच्या खात्यात नोकरी करते, दोन मुलांचे कॅपचे फॉर्म स्वतः भरलेत, आणि तेव्हापासून दर जुलैत आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांच्या याद्या पसरलेल्या असतात. पाच मुद्द्यांतला एकही धड टिकत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नव्व्याण्णवचं आधी बघू, कारण घरातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तेवढंच ते सांगतं. २०२४ला पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात साधारण तीन लाख मुलं परीक्षेला बसली, २०२५ला तो आकडा चार लाखांच्या वर गेला. आता तेच ९९ घ्या. आधीच्या वर्षी पुढे तीन हजार मुलं होती, पुढच्या वर्षी चार हजार. मुलाने तेवढाच अभ्यास केला, तेवढेच पर्सेंटाइल मिळवले, आणि रांगेत हजार माणसं पुढे वाढली. व्हीजेटीआय आणि सीओईपी दोन्हींच्या कॉम्प्युटरच्या जागा एकत्र केल्या तरी त्या शेकड्यांत मोजाव्या लागतात, त्यात खुल्या गटाला येतात त्या आणखी कमी. चार हजारावा मुलगा तिथे कसा बसेल हे फॉरवर्डवाल्यांनी एकदा भागाकार करून दाखवावं.

बरं, परीक्षेला बसलेले सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत. कोणी आयआयटी-एनआयटीकडे जातो, कोणी शाखाच बदलतो. म्हणून पर्सेंटाइलवरून नंबर काढत बसण्यापेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीत तुमचा मेरिट नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि हिशेब त्यावर करायचा. कटऑफच्या, म्हणजे कुठल्या नंबराला शेवटची जागा मिळाली त्याच्या, पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातला वाचतात. तुलना करायची ती वरच्याशी.

आणि चौकट कुठली, हेही बघायचं. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा झेरॉक्सवाल्याकडून छापील पानं घेऊन आला. त्याने पिवळ्या मार्करने एक आकडा रंगवला होता आणि खूश होता. बघितलं तर स्तंभावर ‘एल-ओपन-एस’ लिहिलेलं. म्हटलं, बाळा, हा एल मुलींच्या जागांचा. तुझा स्तंभ जी-ओपन-एस. मधला भाग प्रवर्गाचा, शेवटचं अक्षर जागा राज्यस्तरावरची की विद्यापीठ क्षेत्रातली ते सांगतं. त्याचा चेहरा उतरला, पण ऑगस्टमध्ये उतरण्यापेक्षा जुलैत उतरलेला बरा. ‘आमच्या भाच्याला ९८ला मिळालं की’ असं कोणी सांगितलं तर भाच्याचा स्तंभ, शाखा, फेरी आणि वर्ष विचारा. चारांपैकी एक तरी वेगळं निघतंच.

वर्ष तर फारच. २०२४ला एसईबीसीचं (मराठा समाजासाठीचं) १० टक्के आरक्षण आलं, त्याबरोबर खुल्या गटाच्या जागांचं गणित बदललं. त्याच शैक्षणिक वर्षापासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांवरची प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढली आणि खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआयच्या तुकड्या वाढवल्या. फॉरवर्डमधला तक्ता २०२३चा आहे. त्याची पीडीएफ आमच्याकडे अजून आहे, म्हणून ओळखला. त्या तक्त्यावर आजचा अंदाज बांधणं म्हणजे जुन्या वेळापत्रकावर गाडी पकडायला जाणं.

मग अंदाज करायचाच नाही का? करायचा की. त्याच कॉलेजचे, त्याच शाखेचे, त्याच स्तंभातले तीन वर्षांचे शेवटचे मेरिट नंबर शेजारी-शेजारी लिहायचे, पहिल्या फेरीचे वेगळे आणि शेवटच्या फेरीचे वेगळे. तुमचा नंबर तिन्हीपेक्षा बऱ्यापैकी लहान असेल तर ठीक. तिन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल तर प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ एवढंच. तिन्हीपेक्षा मोठा असेल तरीही ते कॉलेज यादीत वर ठेवायचं, आणि इथेच फॉरवर्डचा सगळ्यात घातक मुद्दा येतो.

‘पहिल्या नंबरवर नक्की येणारं टाका.’ कॅपमध्ये संगणक मेरिट नंबर एकपासून खाली येतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून वाचतो आणि जिथे जागा शिल्लक आहे तिथे तुम्हाला बसवतो. तुम्ही कुठलं कॉलेज कितवं लिहिलंत हे कॉलेजला कळत नाही, आणि त्यावरून कोणी मागेही ढकलत नाही. वरची पाच अशक्य असली तर संगणक ती पाच ओलांडून सहाव्यावर येतो. पर्याय तीनशेपर्यंत देता येतात, पाच ‘वाया’ गेल्याने काय बिघडणार?

उलटं केलं की मात्र बिघडतं. २०२५च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच अंतिम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. घ्यायचं नाही म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तळमजल्यावरच्या काकूंनी एका क्लासवाल्याला चांगले पैसे मोजून यादी करून घेतली होती. त्याने पहिल्या नंबरवर ‘सेफ’ म्हणून एक खासगी कॉलेज टाकलं. पहिल्याच फेरीत ते मिळालं आणि विषय संपला. शेवटच्या फेरीचा कटऑफ लागला तेव्हा यादीतल्या चौथ्या नंबरवरची सरकारी कॉलेजातली जागा त्यांच्या मुलाच्या मेरिट नंबरच्या सव्वाशे मागे बंद झालेली होती. म्हणजे ती त्याची होती. काकू त्या क्लासच्या बोर्डाखालून जाताना अजून रस्ता बदलतात.

यादीचा क्रम लावताना एकच प्रश्न विचारायचा: दोन्ही मिळाली तर कुठे जाशील? यात ऐरोलीहून ठाण्याला उलटं जाऊन मग माटुंग्याची लोकल पकडायची, हेही आलंच. चार वर्षांचा प्रश्न आहे. पण ते ज्याचं त्याने ठरवायचं, कटऑफने नव्हे.

आता ९७ टक्क्यांचं गणित. निम्मा गुणिले निम्मा असं पाचदा केलं की तीन टक्के उरतात, म्हणून सत्त्याण्णव. गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलं आहे. हा हिशेब पाच वेगळी नाणी उडवल्यावर चालतो. इथे नाणं एकच, तुमचा मेरिट नंबर. ज्या वर्षी कॉम्प्युटरला गर्दी होते त्या वर्षी पाचही कॉलेजांचे कटऑफ एकदम वर जातात. जुलैत कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की ८:०५ची, ८:१२ची आणि ८:२०ची, तिन्ही जागेवर थांबतात. वेळापत्रकात गाड्या तीन आहेत म्हणून ऑफिसला पोचण्याची शक्यता तिप्पट होते का? म्हणून यादीत ‘मध्ये कुठेतरी’वाली पाच कॉलेजं असून भागत नाही, तिन्ही वर्षांत मागे बंद झालेली दोन-चार खाली लागतातच. खाली, वर नाही.

मार्कांच्या तक्त्यावर फार लिहीत नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल तुमच्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत निघतो. पेपर सोपा आलेल्या सत्रातले १४० आणि अवघड सत्रातले १४० वेगळ्या जागी बसतात. दोनशेपैकी इतके म्हणजे अमुक, असा सगळ्यांना लागू पडणारा तक्ता असूच शकत नाही.

बारावीच्या जागेचा मुद्दा मात्र सरळ खोटा. गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी जिथून पास झालात त्यावरून. आमच्या विंगमधल्या मुलीला अकरावीला लातूरला ठेवलं, कॉलेजही तिथलंच. पत्ता ऐरोलीचा, पण कॅपच्या लेखी तिचं विद्यापीठ नांदेडचं. वाशी किंवा ठाण्याच्या कॉलेजांत विद्यापीठ क्षेत्राच्या ७० टक्के जागा तिच्यासाठी नाहीत, तिची स्पर्धा उरलेल्या ३० टक्क्यांत. राज्यस्तरावरच्या जागांना याचा फटका नाही. पण वडिलांनी घराजवळचं कॉलेज गृहीत धरलं होतं.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट सांगते, कारण जागा जातात त्या बहुतेक वेळा इथे. प्रवर्गातून फॉर्म भरताना जात वैधता आणि, एससी-एसटी सोडून, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला लागतो. अलीकडे दाखल्यासाठी केलेल्या अर्जाच्या पावतीवर फॉर्म घेतात, पण मूळ दाखला मुदतीत दिला नाही तर मूल खुल्या गटात ढकललं जातं. तिथे मग दशांशातले पर्सेंटाइल कितीही चांगले असोत.

ग्रुपवर एवढं टाइप करत बसले नाही. तिथे फक्त लिहिलं: शनिवारी संध्याकाळी यादी घेऊन या, पीडीएफ माझ्याकडे आहेत, आणि येताना नॉन-क्रिमिलेअरवर पुढच्या ३१ मार्चपर्यंतची तारीख आहे का ते बघून या. खाली अकरा अंगठे आले. दुपारी कोणीतरी तोच फॉरवर्ड पुन्हा टाकला.