एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे हाड नॉर्मल असतं असं नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मला मेसेज सुरू होतात, ताई नडगी लई दुखायलीय, ग्राउंड तोंडावर आलंय, एखादी गोळी सांगा ना. मी गोळी सांगत नाही म्हणून काहीजण नाराज होतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहायलेय.

परभणी, हिंगोली, बीड, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे जाऊन बघा, लेकरं डांबरीवर पळायलेत. काळ्या रानात पळता येत नाही, पावसात चिखल अन उन्हाळ्यात भेगा, मग राहिला रस्ता. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर अन पोरींना ८००, त्याला २० मार्क, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी. त्यात वयाची अट, ओपनला २८, राखीवला ३३. म्हणून जे लेकरू दोन किलोमीटर पळत होतं ते जाहिरात आली की आठवडाभरात आठवर जातं, आणि दुखलं तरी सांगत नाही, कारण सांगितलं की घरचे म्हणणार बस झालं आता.

हाड जिवंत असतं हे कुणी सांगतच नाही आपल्याला. रोजचा भार वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढतं, नवा भाग नंतर भरतं, आणि मधले काही आठवडे ते हाड कमजोर असतं. नेमकं त्याच काळात अंतर वाढवत गेलं की बारीक चीर पडते, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. शिन स्प्लिंट वेगळं, त्यात नडगीच्या आतल्या कडेनं लांब पट्टा दुखतो अन बऱ्याचदा वॉर्मअपनंतर कमी वाटतं. स्ट्रेस फ्रॅक्चर एका बोटानं दाखवता येतं, इथंच, आणि पळावं तसं वाढतं, पुढं पुढं रात्री पडल्यावरही ठणकतं. एक्स-रेत मात्र पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये कळतं.

माझं हेच झालं होतं. मी ८०० ची तयारी करत होते, एक्स-रे नॉर्मल आला, इंजेक्शन मिळालं आणि वरून ऐकावं लागलं की पोरीला पळायचा कंटाळा आला असेल. आईनं लेप लावला, मावशीनं मालिश करणारा माणूस शोधला, सगळ्यांनी जीव लावला पण दुखणं काही हटेना. शेवटी संभाजीनगरला एमआरआय झाला, चीर सापडली, आणि तिथल्या फिजिओ मॅडमनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, पाळी वेळेवर येते का? जेवतीस काय? मी अण्णांसमोर लाजले. पाळी बंद होऊन कितीतरी महिने झाले होते, आणि आम्ही पोरी तर ते बरंच म्हणायचो, ग्राउंडला त्रास नाही. खाणं कमी अन पळणं जास्त झालं की पाळी थांबते आणि हाडंही कमजोर होतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजही माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोरीला मी हा प्रश्न विचारतेच, आई शेजारी असली तरी.

मग खरं काम सुरू झालं. आधी पळणं पूर्ण बंद, मग दुखत नाही एवढंच चालणं, पायरीवर उभं राहून पोटरीचे व्यायाम, आधी दोन्ही पायांवर मग एका पायावर, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम, आणि किती महिन्यांनी मॅडम म्हणाल्या आता एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. त्या एका मिनिटाला मी रडले. भरती हुकली त्या वर्षीची, पण मला काय व्हायचंय ते ठरलं होतं.

बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीला, मी लातूरला गेले, चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. गावात म्हणायचे, एमबीबीएसला नंबर लागला नाही का मग, मालिशचं शिकायलीस का. नीटची परीक्षा देणाऱ्या लेकरांना माझं कळकळीनं सांगणं आहे की ही उरलेली शाखा म्हणून घेऊ नका. हाड जुळतं ते आपलं आपण, पण त्या पायावर पुन्हा भरवसा ठेवून पळायला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते शेकायच्या मशीनचं काम नाही.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत सिल्व्हर, २०२३ ला हांगझोऊला एशियन गेम्सचं गोल्ड, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. २०२५ ला मोनाकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या मागं फिजिओ आहेत, असायलाच पाहिजेत. पण त्याच्याकडं बघून पळायला लागलेल्या आपल्या लेकरांच्या मागं कोण आहे?

भरती अकॅडमी चालवणाऱ्या सरांना विनंती आहे, नव्या बॅचचं अंतर हळूहळू वाढवा, आठवड्यातून एक-दोन दिवस पळणं बंद ठेवा, दुखतंय म्हणणाऱ्या लेकराला कामचुकार म्हणू नका आणि गोळी खाऊन पळवू तर अजिबात नका. परभणीच्या आसपास कुठंही बोलवा, मी येते, फी नको. पोरींशी मात्र मला वेगळं बसून बोलू द्या.