सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत, असं कुणी सांगितलं?

नर्सरीत कधीही जावा, गिऱ्हाईकाची मागणी ठरलेली, 'सदाहरित झाड द्या, दारात पानं पडायला नकोत.' अहो, आंब्याखाली नाहीतर जांभळाखाली जाऊन बघा की, बारा महिने पाचोळा असतोय. सदाहरित झाडाचीपण पानं गळतात, फक्त सगळी एकदम नाहीत, जुनी पडत जातात नवी येत राहतात त्यामुळं झाड उघडं दिसत नाही, एवढंच.

ह्या गैरसमजात मरतात ती पानझडी झाडं. थंडी सरताना पांगारा, काटेसावर उघडे पडले की सोसायटीत कुणीतरी म्हणतंयच, 'वाळलंय, पाडून टाका.' लई जीव तुटतो हे ऐकून. जमिनीतलं पाणी कमी व्हायला लागलं की झाड ते वाचवायला स्वतःहून पानं टाकतं, कारण पानातनंच पाणी उडून जातं. देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथनं अलगद सुटतं. तोडलेल्या फांदीचं तसं होत नाही, तिची पानं वाळून तिलाच चिकटून राहतात. तरी शंका असेल तर बारीक डहाळीची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं म्हणजे झाड जित्तं आहे. आणि सावर पान नसतानाच फुलते हो, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर सगळे त्या लाल फुलांवर तुटून पडतात!

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात बघा, गगनबावडा, दाजीपूरकडं धो धो पाऊस, तिथल्या घाटात गर्द रान टिकतं. पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडं यावं तसा पाऊस कमी होत जातो, तिथं उन्हाळ्यात पानं टाकणारं झाड जास्त शहाणं. तिथंपण सगळ्यांना वर्षभर हिरवंच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

पिंपळाखालचा पाचोळा बघून वैतागणाऱ्यांनी पुढं थोडे दिवस थांबून त्याची तांबूस, उन्हात चकाकणारी पालवी तर बघावी.

शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदाच आहे. तेव्हा अर्जात 'वाळलेले झाड' असं लिहायच्या आधी एक पावसाळा तरी जाऊ द्या, आणि ते नखाचं आजच करून बघा.