धून डेस्मंडची, लेहरा ब्रुबेकचा

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या स्मृतिदिनानिमित्त लिहिलेल्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत: ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना मी ब्रुबेकच्या नावावर घातली, ती त्याची नाही, कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेल्या संगीताची थोरवी सांगताना मी प्रसिद्धीच्या झोतातला एक गोरा वादक निवडला, आणि ज्याच्या घरात झपताल (पाच-पाच मात्रांच्या दोन अर्ध्यांचा ताल) आहे अशा ठाणेकराला पाच मात्रांचे नवल वाटून घेण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या पियानोवाल्याची गरज नव्हती. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो निम्मा खरा आहे.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. १९५९ सालच्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेतली ही रचना ब्रुबेकच्या चौकडीतला आल्टो सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड याची आहे. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र या चुकीच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगतो. त्या ध्वनिमुद्रणात ब्रुबेक स्वतःचे असे स्वतंत्र वादन करतच नाही. पाच मात्रांचा एकच तुकडा तो आरंभापासून अखेरपर्यंत वाजवत राहतो. डेस्मंडची धून येते आणि जाते, मग चौकडीतला ड्रमवादक जो मोरेलो मोकळा सुटतो, ठोक्यांमध्ये लांबलचक जागा सोडतो, आणि तरीही ऐकणारा वाट चुकत नाही, कारण पियानो जागचा हललेला नसतो. आपण तबला शिकलेले आहात, तेव्हा एकल वादनात पेटीवाला लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी तीच ती धून, धरतो तेच हे काम, हे मी आपल्याला सांगायला नको.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल थोडक्यात लिहितो. १९५४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ब्रुबेक झळकला, तेव्हा हा मान ड्यूक एलिंग्टनचा होता असे त्याला स्वतःलाच वाटले आणि त्याची खंत त्याने पुढेही बोलून दाखवली. चौकडीतला बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय होता. त्याला बदला, अशी अट दक्षिणेतल्या महाविद्यालयांनी १९६० मध्ये घातली, तेव्हा ब्रुबेकने दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम सोडून दिले. आपला मुद्दा याने खोटा ठरत नाही, पण माझ्या निवडीची मला लाजही वाटत नाही.

आता घरातल्या झपतालाविषयी. वयाच्या तेराव्या वर्षी मी नौपाड्यातल्या एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत तबला शिकायला जात होतो आणि झपतालात नियमाने पडत होतो. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना हे बोल तोंडपाठ होते. हात मात्र तीन-चार आवर्तनांनंतर सोळा मात्रांच्या तीनतालाकडे ओढ घेत, आणि सहाव्या मात्रेची खाली (डग्ग्याच्या घुमाऱ्याशिवाय वाजणारी जागा) हुकल्यावरच मला ती येऊन गेल्याचे कळे. त्याच सुमारास मामाने दिलेली ब्रुबेकची कॅसेट घरी आली. तिची फीत सारखी अडके, मग पेन्सिल घालून ती गुंडाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची; या खटाटोपात पियानोचा तो तुकडा दिवसातून कितीदा तरी कानावर पडे. एक-दोन-तीन, एक-दोन. स्टेशनकडे चालताना पावले त्यावर पडू लागली. पाच ही संख्या विषम, त्यामुळे दर खेपेला पहिले पाऊल बदले: एकदा उजवे, एकदा डावे, आणि दोन खेपा झाल्या की उजवे पुन्हा जागेवर. दहा मात्रांचे आवर्तन मला पहिल्यांदा सापडले ते असे, पायांत.

पुढच्या शिकवणीला मी न पडता वाजवले. गुरुजींनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “ठेका ठीक आहे, पण सम कुठे ठेवलीस?” मी ‘धी धी ना’पासून सुरुवात करून, म्हणजे तिसऱ्या मात्रेला सम, अर्थात आवर्तनाची पहिली मात्रा, समजून, तीन-दोन-तीन-दोन असे वाजवत होतो. एकट्याने वाजवताना ही लबाडी खपून जाते. लेहऱ्यावर मात्र ती लगेच उघडी पडते. आपण म्हणता त्या घरात मी मागच्या दाराने शिरलो, हे कबूल आहे. ब्रुबेकलाही असेच घराबाहेर पडावे लागले होते: १९५८ च्या ज्या दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला, त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडे त्याने नऊ मात्रांची लय ऐकली, आणि त्याच्या ‘ब्लू राँडो’ या रचनेतली दोन-दोन-दोन-तीन ही मांडणी तिथून आली.

त्यानंतर गुरुजींनी दोन महिने मला तबल्याला हात लावू दिला नाही. पेटीवर बसवले, इतर मुलांसाठी झपतालाचा लेहरा धरायला. मधे काहीही घालायचे नाही, एवढीच सूचना होती. पहिल्याच दिवशी कंटाळून मी सुरांची एक छोटी हरकत घेतली आणि समोरच्या मुलाची तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) समेवर न येता भलतीकडेच गेली. त्याने मान वर करून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आपला पहिला आक्षेप वाचताना मला पुन्हा आठवली.