‘पॅच तयार झाला’ म्हणे!

शून्य बाइट! काल रात्री साडेअकराला क्लायंटला जी फाइल पाठवली ती शून्य बाइटची निघाली. एडिटरमधलं, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममधलं, बटण दाबून पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) बनवला होता, आणि एडिटरने कोपऱ्यात हिरवी खूण दाखवून सांगितलं होतं, ‘पॅच तयार झाला’. काय तयार झालं? कपाळ?

सकाळी नाशिकमध्ये द्वारकाच्या सिग्नलला अडकले होते, पुढे बस, मागे ट्रक, लॅपटॉप बॅगेत. फोनवर एका ओळीचा मेल: ‘अटॅचमेंट रिकामी आहे.’ अंबडला पोहोचेपर्यंत काहीही करता येईना. नुसती रिक्षात धुमसत बसले.

बदल सगळे गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) स्टेज केलेले, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडून ठेवलेले होते. गिट अ‍ॅडने असे स्टेज केल्यावर बदल दाखवणारी साधी गिट डिफ कमांड काहीच दाखवत नाही, पुढे ‘कॅश्ड’ लावावं लागतं, हे नवशिक्या पोरालाही कळतं. पण ज्याने हे बटण एडिटरमध्ये घुसवलं त्याने आत नुसतं गिट डिफ चालवलं, जे आलं ते फाइलमध्ये ओतलं आणि वर हिरवी खूण चिकटवून मोकळा झाला. फाइलमध्ये एक तरी ओळ आहे का, एवढं बघायला काय जात होतं? रिकामी असेल तर बोंबल ना! गप्प बसून खोटं कशाला सांगतोस?

मागच्या महिन्यात हेच. नवीन फाइल गिटमध्ये घातलेली नव्हती, तर पॅचमध्ये आलीच नाही, आणि तिकडे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणं, कोसळला. त्याच्या आधी पॅच फक्त नजरेखालून घालायला उघडला, सवयीने सेव्ह दाबलं, तर एडिटरने त्यातल्या मेकफाइलच्या (बिल्डच्या सूचनांची फाइल) ओळींमधले सगळे टॅब स्पेस करून टाकले. झालं, पॅच लागेना. माझी फाइल, मी न सांगता हात लावायचाच कशाला?

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते टीममधल्या मुलीच्या वेळी. तीन दिवस खपून तिने एक बग धरला होता. हे बटण कमिट (गिटमधली बदलाची नोंद) करणाऱ्याचं नाव नेत नाही, तारीख नाही, संदेश नाही, नुसत्या अधिक-उण्याच्या ओळी. समोरच्याने तो पॅच लावून कमिट केला आणि लेखक म्हणून त्याचं नाव लागलं. ती पोरगी काही बोलली नाही. मलाच राहवलं नाही.

असे बदल लावणारा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला. गिट २००५ चं. लिनक्स कर्नलवाले (लिनक्सचा गाभा लिहिणारे) आजही मेलवर पॅच पाठवतात, आणि त्यासाठी फॉरमॅट-पॅच ही कमांड गिटमध्येच आहे: नाव, तारीख, संदेश सगळं सोबत जातं. तिकडून तो पॅच गिट एएम कमांडने लावला की ज्याचं काम त्याच्याच नावावर. बटणाने फॉरमॅट-पॅच ही एक कमांड बोलावली असती तर यातलं निम्मं रडगाणं झालंच नसतं!

बटण काढून टाकलंय. आता आधी कमिट, मग टर्मिनलमध्ये फॉरमॅट-पॅच, आणि पाठवण्याआधी ‘लेस’ (फाइल नुसती वाचायला दाखवणारी कमांड) लावून ओळ न् ओळ बघायची. क्लायंटला माफीचा मेल अजून लिहायचाय.