मालकाचं उत्तर: चाकं चार नव्हती, आठ होती

नमस्कार सर,

तुमच्या स्पीकरखाली आम्ही बसवलेल्या चाकांच्या पाटांना तुम्ही दोन स्टार दिलेत. एका चाकाचा ब्रेक धरत नाही, पाट उगाच मोठा आहे, बेडरूमच्या उंबऱ्यावर स्पीकर कलंडता कलंडता वाचला आणि "प्लायच्या तुकड्याला चार चाकं ठोकून ५,२०० रुपये घेणं ही लूट आहे", असं लिहिलंत. ब्रेकचं शंभर टक्के मान्य. निघायच्या आधी आम्ही तो तपासायला हवा होता, राहिला. मनापासून माफी मागतो.

पण लूट हा शब्द फार लागला.

५,२०० रुपये जोडीचे आहेत सर. दोन स्पीकर, दोन पाट, आठ चाकं, शिवाय लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर येऊन बसवून दिलं, ते त्यातच. तुमचा एकेक स्पीकर ३८ किलोचा. घरातली फरशी पूर्ण सपाट कधीच नसते, त्यामुळे पुष्कळदा वजन तीनच चाकांवर येतं. म्हणजे एका चाकावर जवळपास १३ किलो, आणि फरशीच्या सांध्यावरून जाताना बसतो तो हिसका वेगळा. म्हणून आम्ही ४० किलो पेलणारं पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन या मऊसर प्लास्टिकचं चाक लावतो. नायलॉनचं पुष्कळ स्वस्तात मिळतं, पण ते कडक, मार्बलवर चरे पाडतं. काळं रबर महिनोन्‌महिने एका जागी राहिलं की डाग सोडतं. तुमच्या मार्बलवर एकही ओरखडा नाही, हेही लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

पाट मोठा का, तर स्पीकर ११० सेंटिमीटर उंच आणि रुंदीला फक्त २२. फिरतं चाक वळून आत आलं की टेकायची जागा दोन्ही बाजूंनी इंच-इंचभर कमी होते. पाट स्पीकरएवढाच केला असता तर हॉलमध्येच तो आडवा झाला असता. आणि तुमच्या स्पीकरच्या खोक्याला एकही नवं भोक पाडलं नाही, खालचे स्पाइक (टोकदार पाय) काढून त्यांच्या आट्यांतच बोल्ट बसवले.

उंबऱ्याबद्दल मी फोनवर विचारलं होतं, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. पोरं आली तेव्हा बेडरूमचं दार बंद होतं. ५० मिलिमीटरचं चाक पाऊण इंच उंबऱ्यावर चढत नाही, अडकतं, आणि वरून रेटलं की स्पीकर पुढे झुकणारच. हात खाली, गुडघ्याच्या उंचीला लावून ढकलायचा, हे पोरांनी करून दाखवलं होतं. वहिनी तिथेच होत्या, त्यांना विचारा.

काल एका गिऱ्हाइकानं तुमचा रिव्ह्यू वाचून ऑर्डर थांबवली. तीन माणसांचं वर्कशॉप आहे आमचं, म्हणून हे सगळं इथे लिहितोय. रात्री साडेनऊला तुमचा फोन आला तेव्हाही उचलला होता, सर.

शनिवारी चारनंतर मुलगा नवीन ब्रेकचं चाक लावून जाईल, पैसे द्यायचे नाहीत. उंबऱ्याला लाकडी उतार करता येईल का तेही तो मापून घेईल. वापरायच्या सूचना यापुढे लिहून द्यायचा विचार आहे. तुमचे आठ स्पाइक छोट्या पिशवीत घालून वहिनींकडे दिले आहेत, तेवढे टाकू नका.