रशियन बोलायला लागले की सबटायटल गायब!

हेरगिरीची मालिका टीव्हीवर लावायची आणि सेटिंगशी झटापट न करता ती समजावी, एवढी साधी अपेक्षाही पुरी होत नाही. पैसे दर महिन्याला बिनचूक कापले जातात आणि ऐन मोक्याच्या प्रसंगात पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. डोकं फिरतं अगदी!

'द अमेरिकन्स'चा चौथा सीझन घ्या. (बघायचा राहिला असेल तर हा परिच्छेद सोडा, एका पात्राचं मरण उघड होतंय.) २०१६ साली आलेले १३ भाग. अमेरिकन जोडपं म्हणून वॉशिंग्टनजवळ राहणारे केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचे, दोन अधिकारी, आणि तिकडे मॉस्कोत कैदेत पडलेली निना. चौथ्या भागात तिच्यासमोर एक अधिकारी रशियनमध्ये कागद वाचतो: अपील फेटाळलं, मृत्युदंड, अंमलबजावणी लवकरच. लवकरच म्हणजे आत्ता, याच जागी, हे तिला नीट उमगायच्या आत गोळी सुटते. प्रसंगाचा सगळा जीव त्या दोन-तीन वाक्यांत आहे. ती वाक्यं दिसलीच नाहीत तर कुणीतरी काहीतरी वाचलं आणि बाई मेली, एवढंच हाती लागतं. जो वाइसबर्ग हा मालिकेचा कर्ता स्वतः आधी सीआयएत, म्हणजे अमेरिकेच्या हेरखात्यात, होता. रशियन संवाद अस्सल वाटावेत म्हणून माशा गेसेन यांच्याकडून अनुवाद करून घेतले. एवढ्या मेहनतीवर एका चुकीच्या फाइलीनं पाणी फिरवायचं? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्यांचं निभेल, बाकीच्या पुण्यानं काय करायचं?

असं का होतं तेही ऐका. सबटायटलचे तीन प्रकार असतात. पहिल्यात सगळे संवाद. दुसरा, सीसी, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, त्यात दार वाजलं, फोन खणखणला हेसुद्धा लिहिलेलं. तिसरा 'फोर्स्ड': सबटायटल बंद असली तरी परक्या भाषेतली तेवढीच वाक्यं दाखवणारा. फाइलीत त्यावर तशी खूण लावावी लागते. ती लावायची राहिली, किंवा टीव्हीतल्या जुन्या ॲपनं तिला जुमानलं नाही, की सगळं रशियन कोरं. मग आपण वैतागून सीसी लावतो, तर तिथे कंसात 'रशियनमध्ये बोलतो' एवढंच! ते बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की अनुवाद चित्रावर छापलेला आहे. आणि तो खरंच छापलेला असला तर सीसीची काळी पट्टी नेमकी त्याच्यावर येऊन बसते. संताप नाही येणार तर काय?

तूर्त इलाज असा. सीसी नको, यादीत साधं 'इंग्लिश' वेगळं दिसत असेल तर ते निवडा. सबटायटलच्या दिसण्याच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक करा. ॲप अपडेट करा, पूर्ण बंद करून परत उघडा. तरी नाही आलं तर तोच भाग लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये लावून बघा. तिथे अक्षरं दिसली तर दोष टीव्हीच्या ॲपचा, तिथेही नसली तर फाइलच सदोष. स्वतःकडची फाइल संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवत असाल तर 'व्ही' दाबत राहा, ट्रॅक एकेक करून बदलतात. आणि सीझन सुरू करण्याआधी सोव्हिएत वकिलातीतला एखादा प्रसंग दोन मिनिटं लावून तपासा, तिथे रशियन हमखास असतं.

आवाजाचं तर विचारूच नका. हेर कुजबुजतात, तो त्यांचा धंदाच आहे. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, यांच्यासाठी केलेला आवाज) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. आपल्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच, दोन आहेत तेही बहुतेकदा खाली किंवा मागे तोंड केलेले. मग मधला आवाज सहसा ३ डेसिबलनं उतरवून दोन्हीकडे वाटला जातो, आणि त्यावर संगीत चढतं. कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गोळीबारानं अख्खी सोसायटी जागी. रात्री दहानंतर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे कसं चालायचं? खिडकीबाहेर पत्र्यावर पाऊस सुरू असेल तर मग संपलंच.

भाषेच्या यादीत ५.१ ऐवजी साधं स्टिरिओ निवडा. ते नसेल तर डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करा. 'नाइट मोड' असेल तर चालू ठेवा. 'सिनेमा' हा आवाजाचा मोड बंद करून आवाज स्पष्ट करणारा घ्या. बुधवार पेठेत साउंडबार घ्यायला गेलात की वूफरच्या धडाक्याची तारीफ ऐकवतील, त्याला भुलू नका. वूफरनं संवाद तसूभरही स्पष्ट होत नाहीत. २.१ मध्ये मधला स्पीकर नसतो, संवाद ऐकायचे तर ३.१ घ्या.

पण हे सगळं आपण का करायचं? फाइल चढवण्याआधी एका माणसानं रशियन प्रसंग तेवढे डोळ्यांखालून घातले असते तर भागलं असतं. तक्रार करायला जावं तर उत्तर ठरलेलं: टीव्ही बंद करून चालू करा. त्यावर गप्प बसू नका. सीझन, भाग, मिनिट-सेकंद, निवडलेला सबटायटल ट्रॅक, टीव्हीचं मॉडेल, ॲपची आवृत्ती, सगळं लिहून पाठवा, पडद्याचा फोटो जोडा, आणि फाइल बदलेपर्यंत दर आठवड्याला तीच तक्रार परत उघडा.