पीठ चालायला लागलं

कंपाउंडच्या भिंतीलगतच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं पीठ दिसलं, तेव्हा मी चष्मा न लावताच निदान करून टाकलं: भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. आजोबांची शेती होती (ती विकली गेली, ते सोडा), म्हणजे पिकांचं ज्ञान रक्तातच. लिटरला दोन ग्रॅम गंधक घेतलं आणि दोन आठवडे इमानेइतबारे फवारलं.

पंधराव्या दिवशी पीठ चालायला लागलं.

एक कण फांदीवरून निघाला, रमतगमत पुढच्या पानाच्या देठाशी गेला आणि तिथे बसला. मी चष्मा आणला. कणाला पाय होते.

"भुरीला पाय असतात का गं?"

"भुरीला नसतात, पिठ्या ढेकणाला असतात," आतून उत्तर आलं. "पहिल्याच दिवशी म्हणाले होते मी."

म्हणाली असणारच.

या पिठ्याच्या अंगावर मेणाचा झगा असतो. नुसतं पाणी मारलं तर ते ओघळून जातं, तो आपला जागच्या जागी. झाडाचा रस पितो, मागून गोड चिकटा सोडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. आणि त्या चिकट्यासाठी मुंगळे या ढेकणांची अक्षरशः राखण करतात. ढेकूण खाणारा एक ढालकिडा मेजवानीच्या आशेने आला, तर दोन मुंगळ्यांनी त्याला फांदीच्या टोकापर्यंत पिटाळला. माझ्या जास्वंदीवर चक्क गोठा चालला होता आणि मी त्याला गंधकाची धुरी देत होतो.

मग रीतसर उपचार. गुरफटलेले शेंडे छाटून पिशवीत बांधले. उरलेले ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढले. (तो जुना नव्हता, हे रात्री चिरंजीवांनी सांगितलं.) उन्हं उतरल्यावर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, त्यात थोडा साबण, पानांच्या खालूनसुद्धा. मुंगळ्यांची वाट अडवायला खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस. महिनाभर घराला कडुलिंबाचा वास आणि माझ्या एकाच शर्टाला ग्रीस.

फ्रान्समध्ये बोर्डोकडचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद नि चुना फासायचे. हेतू एवढाच की येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत. त्याच वेली केवडा नावाच्या बुरशीच्या रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरलं आणि 1885 साली बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. चोरासाठी केलं, रोगाला लागू पडलं. आमच्याकडे उलटं होईल अशी मला आशा होती.

कारण जास्वंद सुधारली. पहिल्या दिवशी सात कळ्या मोजून झोपलो. पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडे आकडीची काठी दिसली, पाठोपाठ कॅरीबॅग, पाठोपाठ मफलर.

"महिनाभर पीठ होतं हो झाडावर, माझी फार पंचाईत झाली," मफलर म्हणाला. "काय मारलंत?"

"निंबोळी तेल."

त्यांनी हातातलं फूल नाकाशी नेलं.

"गणपतीला चालेल ना?"